दोन ताऱ्यांचा तोरा कोण उतरवणार?

नगर जिल्ह्यातील एका गावी गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका सत्काराला गेलो होतो. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) बौद्धवाड्यातला एक मुलगा सैन्यात लेफ्टनंट झाला होता आणि कमिशन मिळाल्यावर आठ-नऊ महिन्यांनी लांब सुटीवर गावी आला होता. बाप ऊसतोडीला जाणारा, आई अंगणवाडीत मदतनीस. अशा घरातला पोरगा अधिकारी होतो तेव्हा कुणाचा ऊर भरून येणार नाही? उघडी जीप, डीजे, निळे झेंडे, जेसीबीच्या तोंडातून फुलांची उधळण, विहारापुढे मांडव. आम्ही व्यासपीठावर बसल्या बसल्या मोजल्या तर एकोणीस शाली झाल्या. मे महिन्याच्या उन्हात एकोणीस शाली!

मांडवात तिसऱ्या रांगेत भिंगारचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. अठ्ठावीस वर्षे नोकरी करून आलेले. केस पांढरे, पाठ अजून ताठ. मुलगा जवळून जाऊ लागला तसे ते उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “जय हिंद, साहेब.” मुलाच्या एका हातात मोबाईल होता. त्याने वर न बघता उत्तर दिले, “हां हां, बसा. आणि आमच्या गाडीजवळची गर्दी जरा हटवा.” सुभेदार क्षणभर थांबले आणि खरोखरच गर्दी हटवायला गेले. वयाने ते त्या मुलाच्या बापाहून मोठे. मांडवातल्या कुणालाही यात काही वावगे वाटले नाही. नंतर भाषणात साहेब म्हणाले की सैन्यात आरक्षण नसते, आम्ही जे मिळवले ते स्वतःच्या मेरिटवर, कुणाच्या उपकारावर नाही. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

गावाचे आणि मुलाचे नाव आम्ही सांगणार नाही. मुलगा वाईट नाही. तेवीस वर्षांचा आहे, धाडसी आहे, व्यसन नाही. त्याला चव्हाट्यावर आणण्यासाठी हा लेख नाही. नव्याने खांद्यावर तारे लागलेल्या तरुणाच्या डोक्यात जी हवा जाते ती कुणी काढायची आणि कशी काढायची, हा प्रश्न सैन्यातही जुना आहे. आता तो आपल्या वस्तीत आला आहे, एवढेच.

नगरकरांना लेफ्टनंट नवे नाहीत. १९४८ पासून येथे चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे. १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्रही इथलेच. (त्या रेजिमेंटच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा ते जनरल सुंदरजी मूळचे महार रेजिमेंटचे अधिकारी. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?) कमिशन मिळालेले तरुण अधिकारी देशभरातून रणगाड्याचे शिक्षण घ्यायला नगरला येतात. त्यांना रणगाडा चालवायला, तोफ डागायला, वायरलेसवर बोलायला हाताला धरून शिकवणाऱ्यांत दफादार आणि रिसालदार असतात. पायदळात ज्याला हवालदार म्हणतात तो चिलखती दलात दफादार, आणि सुभेदार तो रिसालदार. शिकवणाऱ्याला सैन्यात सरसकट एकच शब्द आहे, उस्ताद. म्हणजे हुद्द्याने खालचा माणूस वरच्याचा गुरू. टी-७२ रणगाड्यात माणसे तीनच बसतात: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. त्या लोखंडी पेटीत लेफ्टनंट कमांडर असला तरी चिखलात रुतलेला रणगाडा बाहेर काढायचा तो ड्रायव्हरने. ड्रायव्हर मनातून तुटला तर साहेबाचे तारे रणगाडा हलवू शकत नाहीत. ही गोष्ट भिंगारच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या कुठल्याही निवृत्त दफादाराला ठाऊक असते. तेवीस वर्षांच्या साहेबाला ती ठाऊक व्हायला वेळ लागतो.

वेळ का लागतो, तेही समजून घेतले पाहिजे. डेहराडूनच्या प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या दिवशी कॅडेट ‘अंतिम पग’ ओलांडतो आणि त्याच्या खांद्यावर तारे लागतात. कालपर्यंत ज्या हवालदार उस्तादाने त्याला मैदानावर पळवून पळवून घाम काढला, बूट नीट चमकत नाहीत म्हणून खडसावले, तोच उस्ताद आता त्याला सॅल्यूट ठोकतो. एका रात्रीत जग उलटे होते. सॅल्यूट हुद्द्याला असतो, माणसाला नसतो, हे पुस्तकात लिहिलेले असते. पण हात वर जातो तो समोरच्या डोळ्यांना दिसतो आणि डोक्यात जातो. त्याच प्रबोधिनीच्या चेटवुड सभागृहात १९३२ सालच्या उद्घाटनाच्या भाषणातला उपदेश कोरलेला आहे. त्याचा मतलब असा की आधी देश, मग हाताखालचे सैनिक आणि सर्वांत शेवटी स्वतःचे सुख. तो वाचूनच प्रत्येक अधिकारी बाहेर पडतो. वाचण्याने माणूस बदलत असता तर आमच्या सगळ्या वकिलांनी संविधान वाचलेले आहे.

सुभेदार या पदाचा इतिहास आंबेडकरी माणसाला वेगळा सांगायला नको, तरी सांगतो. इंग्रजांच्या फौजेत पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत लढाऊ पलटणीत हिंदी माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीचे कमिशन मिळत नव्हते. कितीही शौर्य गाजवा, सुभेदारीवर जाऊन थांबायचे. पलटणीत वीस-पंचवीस वर्षे काढलेला सुभेदार कालपरवा विलायतेहून आलेल्या गोऱ्या पोरापुढे ताठ उभा राहायचा, आणि त्याच पोराला पलटण म्हणजे काय ते शिकवायचाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार. लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, तो कुणी ऐकला नाही. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा ‘कुणाच्या उपकारावर नाही’ असे आपला लेफ्टनंट म्हणतो, ते परीक्षेपुरते खरे आहे. सैन्यात आरक्षण नाही, निवड मंडळापुढे पाच दिवस त्याने स्वतःच झुंज दिली. पण ज्या सुभेदारांना त्याने गर्दी हटवायला पाठवले, त्यांच्यासारख्यांनी बंद झालेला दरवाजा पन्नास वर्षे ठोठावला होता, म्हणून तो मंडळापुढे उभा राहू शकला.

मग आपल्या पोराच्या वागण्यात हा ताठा येतो कुठून? आम्हाला वाटते, त्याच्या मानेत पिढ्यांचे वाकणे साठलेले आहे. ज्याच्या आजोबाने पाटलाच्या वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घेतल्या, त्या घरातला मुलगा पहिल्यांदा ताठ उभा राहतो तेव्हा थोडा जास्तच ताठ होतो. खर्डा आणि सोनई ज्या जिल्ह्यात घडले तिथल्या मुलाला ‘नम्र हो’ असे सांगणे सोपे नाही. नम्रतेचा उपदेश आम्हाला नेहमी चुकीच्या लोकांनीच केलेला आहे. शिवाय पद मिळाले म्हणजे मान मिळतोच असेही नाही. १९१३ च्या आरंभी बाबासाहेब स्वतः बडोदे संस्थानच्या फौजेत काही दिवस लेफ्टनंट होते, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना लगेच परतावे लागले. १९१७ साली ते परदेशातून शिकून पुन्हा बडोद्याला गेले, महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या साहेबाच्या टेबलावर कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत. हुद्द्याने जात हटत नाही, हे आपल्या मुलाला कुठेतरी आत ठाऊक असते. म्हणून तो हुद्दा जास्त घट्ट धरतो, वाजवून दाखवतो.

समजून घेतले. पण माफ करता येत नाही. कारण या ताठ्याची झळ पाटलाला लागत नाही, ती लागते हाताखालच्या जवानाला. आणि तो जवान कुण्या ऊसतोड्याचा, कुण्या धनगराचा, कुण्या भिल्लाचाच मुलगा असतो.

येथे आम्ही वकील म्हणून थोडे बोलतो. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४० प्रमाणे वरिष्ठावर हात उचलला तर परिस्थितीनुसार दहा किंवा चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ४७ प्रमाणे वरिष्ठाने हाताखालच्याला मारले वा छळले तर सात वर्षांपर्यंत. कायदा दोन्ही बाजूंना आहे, पण तराजू कुणीकडे झुकला आहे ते आकडेच सांगतात. कलम २६ खाली जवानाला वरिष्ठाविरुद्ध तक्रार करता येते. ती करायची कुणाकडे? वरच्या वरिष्ठाकडेच. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि फौज चालवायची तर काही मर्यादा लागतात हे आम्ही अमान्य करत नाही. सैनिक झाला म्हणून माणूस नागरिक असायचा थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपालसिंग बेदी खटल्यात बजावले. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. पण न्यायाधिकरणापर्यंत येणारा माणूस बहुधा आधीच घरी बसलेला असतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक जवान आमच्याकडे आला होता. तुकडी कुठली ते सांगत नाही. दहा-अकरा वर्षे नोकरी झालेली. नवीन लेफ्टनंटने सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली, याने उलटून बोलला. पेशी झाली. कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर अठ्ठावीस दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो. ती दिली गेली आणि कागदावर लाल शाईची नोंद चढली. ही त्याची चौथी. फौजेत लाल शाईच्या चार नोंदी झाल्या की घरी पाठवण्याची वहिवाट होती, आणि पेन्शनला पंधरा वर्षे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सांगितले की केवळ चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप काढून टाकता येणार नाही, सगळी परिस्थिती बघावी लागेल. आमच्या अशिलाला या निकालाचा फायदा व्हायला पाहिजे होता. पण तो आला तेव्हा मुदत टळून बराच काळ लोटला होता, घरच्यांनी वाट पाहून शेळ्या विकल्या होत्या आणि तो शिर्डीला एका लॉजवर रखवालदारी करत होता. संक्षिप्त कोर्ट मार्शलमध्ये तर आमच्यासारखा वकील बरोबर नेला तरी त्याला साक्षीदाराची उलटतपासणी करता येत नाही. आरोपीच्या कानात सल्ला द्यायचा, बस. एका तेवीस वर्षांच्या तोंडातून गेलेल्या शिवीची किंमत एका कुटुंबाने आयुष्यभर भरली. शिवी देणारा साहेब एव्हाना मेजर झाला असेल आणि त्याला ती आठवतही नसेल.

२०२२ सालच्या अग्निपथ योजनेने हे आणखी नाजूक केले. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होणार. कोण होणार ते वरिष्ठांच्या शेऱ्यांवरही अवलंबून. अशा व्यवस्थेत अग्निवीर शिवीला उत्तर देणार नाही. गिळून टाकील. गिळलेले कुठे जाते? २०१२ च्या मे महिन्यात लडाखमधील न्योमा येथे तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये अधिकारी आणि जवान यांची हाणामारी झाली, ती साऱ्या देशाने वाचली. अशी घटना कधीतरीच बाहेर येते. एरवी जवान नुसता गप्प होतो, आणि गप्प झालेली प्लाटून ही फौजेतली सर्वांत धोक्याची गोष्ट, असे आम्हाला एका निवृत्त कर्नलनेच सांगितले.

मग उपाय काय? सैन्यात उपाय नाहीत असे नाही. नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीला काही दिवस जवानांच्या बराकीत ठेवण्याची, त्यांच्याबरोबर जेवायला आणि पी.टी.ला पाठवण्याची पद्धत अनेक पलटणींत आहे. ती चांगली पद्धत आहे. दुसरी पद्धत मेसमधली. सर्वांत जुना लेफ्टनंट, ज्याला ‘सिनियर सबाल्टर्न’ म्हणतात, तो नव्याची रग जिरवतो. रात्री-अपरात्री उठवायचे, धावायला लावायचे, चारचौघांत पाणउतारा करायचा. नंतर सगळे मिळून हसतात, मैत्री होते, हे खरे. पण अपमानाने अहंकार उतरतो हा समज आम्हाला मुळातच चुकीचा वाटतो. वरच्याने आपल्याला तुडवले तर तेवीस वर्षांचा पोरगा काय शिकतो? एवढेच की वरच्याला तुडवण्याचा हक्क असतो. मग तो खाली वळतो आणि हक्क बजावतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे आपल्याला उलगडून दाखवले त्याचे यंत्र याच तेलावर चालते: वरून खायचे आणि खाली द्यायचे. पायरीवरचा प्रत्येक जण समाधानी, कारण प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे.

याच्या उलट उपाय अडीच हजार वर्षांपूर्वी केला गेला आहे. विनयपिटकात तो आहे आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपाली न्हाव्याच्या दीक्षेची हकिगत घेतली आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. बुद्धांपुढे गेल्यावर त्या कुमारांनीच विनंती केली की आम्ही शाक्य फार गर्विष्ठ आहोत, तेव्हा उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या. म्हणजे संघात तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व मोडेल. बुद्धांनी तसेच केले. राजपुत्रांना कुणी शिव्या घातल्या नाहीत, पळवले नाही, चारचौघांत उभे केले नाही. फक्त रांग बदलली. ज्याच्याकडून कालपर्यंत दाढी करून घेत होते तो पुढे, आणि हे मागे. आणि हाच उपाली पुढे विनयात, म्हणजे शिस्तीच्या शास्त्रात, संघात अग्रगण्य ठरला. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला. शिस्त राजपुत्राने शिकवली नाही, न्हाव्याने शिकवली. फौजेतला उस्ताद आणि नवा लेफ्टनंट यांचे नाते असेच तर आहे! अडचण एवढीच की ते तारे लागण्याच्या दिवशी संपते, आणि खरी गरज सुरू होते ती त्याच दिवशी.

आता भिंगारच्या सुभेदारांकडे परत येतो, कारण त्यांनी काय केले ते आम्हाला नंतर समजले. त्या दिवशी मांडवात ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मुलगा सर्वांदेखत उघडा पडला असता आणि जन्मभर त्यांचा वैरी झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते त्याच्या दारात हजर. आईने चहा टाकला. सुभेदार ओट्यावर बसले, मुलाला समोर बसवले आणि म्हणाले, “साहेब, प्लाटूनमध्ये माणसं किती?”

“तीस.”

“नावं सांगा.”

मुलाने सुरुवात केली. अकरावर अडकला. त्यातली तीनही नुसती आडनावे होती.

“ह्या अकरांतल्या किती जणांचं लग्न झालंय?”

मुलगा गप्प.

“तुमचं कोत उघडतो त्याचं नाव?” कोत म्हणजे हत्यारे ठेवायची खोली. तेही आठवेना.

सुभेदार म्हणाले, “साहेब, तुमच्या सुभेदाराला विचारा, तो तिशी घडाघड सांगंल. कुणाची बायको बाळंतीण हाय, कुणाच्या भावानं जमीन लाटली, कोण दारू प्यायला लागलाय. त्याच्याकडनं शिका. त्याला ‘साहेब’ म्हणता ना? कागदावर म्हनू नका, पोटातनं म्हना. आणि कुणाची चूक झाली तर खोलीत बोलवून झापा, पेशीवर नेऊ नका. पेशी शेवटची. पोरगं उलटं बोललं तर आधी बघा, घरून फोन कवा आलता.”

मग त्यांनी स्वतःचा किस्सा सांगितला. ते नाईक असताना असाच एक तरुण साहेब आला होता, मोठ्या घरचा, तोंडाने फटकळ. पलटणीच्या जुन्या सुभेदाराने त्या साहेबाला काही सुनावले नाही. फक्त दर रविवारी आपल्याबरोबर लष्करी इस्पितळात न्यायला सुरुवात केली, भरती असलेल्या जवानांना भेटायला. चार रविवार. पाचव्या रविवारी साहेब एकटाच गेला. सिगालोवाद सुत्तात धन्याने नोकराशी कसे वागावे ते सांगितले आहे: ताकद बघून काम द्यावे, वेळेवर अन्न-वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुटी द्यावी. आम्ही हे सुत्त व्याख्यानात कित्येकदा सांगितले आहे. त्या जुन्या सुभेदाराने ते वाचलेले असण्याचा संभव कमीच, पण केले नेमके तेच.

आम्ही सुभेदारांना विचारले, “गाडीजवळची गर्दी हटवायला तुम्ही का गेलात? राग नाही आला?” ते म्हणाले, “आला ना. पण गेलो नसतो तर त्याला वाटलं असतं म्हातारा मानाचा भुकेला हाय, म्हणून सकाळी आला. मग ऐकलं नसतं.” तीस वर्षे वकिली केली तरी हे आम्हाला सुचले नसते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि हे काहींना झोंबेल. त्या मुलाला प्रबोधिनीने बिघडवले, पलटणीने बिघडवले, असे म्हणणे सोयीचे आहे. आठ महिन्यांत पलटणीने जेवढे केले नसेल तेवढे आपण त्या एका दिवसात केले. एकोणीस शाली कुणी घातल्या? जीपवर कुणी चढवले? फलकावर बाबासाहेबांच्या खालोखाल त्याचा फोटो कुणी लावला, आणि बापाचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा कुणी केला? मुलगा फौजदार झाला, तहसीलदार झाला, लेफ्टनंट झाला की आपण त्याला देव करतो, आणि सहा महिन्यांनी तो वस्तीत फिरकत नाही म्हणून त्याच्याच नावाने बोटे मोडतो. भिंगार, नगर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठेही जा, निवृत्त सुभेदार, हवालदार, नाईक प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी मानवंदनेसाठी गणवेशात रांगेत उभे करतो. उरलेले ३६४ दिवस त्यांना कोण विचारतो? बँकेच्या एटीएमबाहेर बंदूक घेऊन बसलेले आपले किती माजी सैनिक आहेत ते एकदा मोजावे. ज्या मुलाला निवड मंडळापुढे जायचे आहे त्याने या लोकांच्या पायाशी बसावे, आणि ज्याला कमिशन मिळाले आहे त्याने पहिल्या सुटीत आधी त्यांच्या दारात जावे, एवढी साधी वहिवाट आपल्याला पाडता आलेली नाही. खाजगी अकादम्यांना मात्र आपण लाखाने फी भरतो.

आम्ही ही सूचना आमच्या विहार समितीच्या बैठकीत मांडली. येत्या पावसाळ्यानंतर आणखी एक मुलगी चेन्नईच्या प्रशिक्षण प्रबोधिनीतून लेफ्टनंट होऊन येणार आहे. समारंभ करायचा तर शाली आधी वस्तीतल्या निवृत्त सैनिकांना, त्याही तिच्या हातून, आणि ती खुर्चीवर बसेल ती ते सगळे बसल्यावर. जीप नको. दोन तास वाद झाला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, “मग पाहुण्यांचा मान काय राहिला?” दुसऱ्याने डीजेवाल्याला बयाणा दिला असल्याचे सांगितले. शेवटी शालींचे ठरले, जीपचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मुलीच्या वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “तिलाच विचारा.” फोन लावला. ती म्हणाली, “पहिली शाल आमच्या शेजारच्या नाईक काकांना द्यायचीय, पहाटे साडेचारला मला पळायला तेच न्यायचे.”

भिंगारच्या सुभेदारांना लेफ्टनंटचा फोन मधून मधून येतो. गेल्या वेळी विचारले तेव्हा गाडी तेवीस नावांवर होती.